लोकसंगीताचा निवेदक

कलबुरगीचे आकाशवाणी केंद्र १९६६ साली सुरू झाले. भाषा कन्नड असली तरी सीमाभागातील आम्हां मराठी कुटुंबांना ते परके वाटले नाही. आकाशवाणीच्या निवेदकाचे स्वच्छ उच्चार व मोजके बोलणे आम्हांस एफएमच्या बडबडीहून श्रेष्ठ वाटते. परंतु लोकसंगीताच्या निवेदकाने, केंद्र कोणतेही असो, केवळ ‘आता ऐका लोकगीत’ म्हणून थांबू नये. ते तत्त्वपद की भारूड, रचना कडकोळच्या मडिवाळप्पांची की अन्य कुणाची, गायक कोणत्या गावचा, हे सांगणे त्याचे कर्तव्यच होय. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठी, कन्नड व हिंदीत पदे रचली. हा धागा कुणी उलगडला नाही, तर आमच्या नातवंडांना दोन्ही भाषांतील गाणी परकी होतील. गायक गाणे जपतो. त्याचे गाव व गोत्र निवेदकानेच जपायचे असते.