पुरस्कार आणि प्रमाण : मानव-यंत्रमानव आंतरक्रिया परिषदेतील संशोधन-गौरवाची मीमांसा

प्रस्तावना

कारखान्यापुरता मर्यादित असलेला यंत्रमानव आता रुग्णालय, शाळा, बाजारपेठ अशा ठिकाणी माणसांच्या सहवासात वावरू लागला आहे. या सहवासाचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा म्हणजे मानव-यंत्रमानव आंतरक्रिया होय. एसीएम आणि आयट्रिपलई या संस्थांच्या वतीने या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद २००६ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे प्रथम भरली. तेथे दिल्या जाणाऱ्या सर्वोत्तम शोधनिबंधाच्या पुरस्काराकडे नवे संशोधक मार्गदर्शक म्हणून पाहतात. हा पुरस्कार नेमके कशाचे मूल्यमापन करतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निकषांचे स्वरूप

अलीकडील वर्षांत या परिषदेत वापरकर्त्यांचा अभ्यास, तंत्र, अभिकल्प, सिद्धान्त व पद्धती असे विभाग करून शोधनिबंध स्वीकारले जातात व पुरस्कारही विभागवार दिले जातात. अभियंत्याच्या आणि मानसशास्त्रज्ञाच्या कामास एकच मोजपट्टी लावणे अन्यायाचे ठरते. म्हणून ही विभागणी स्वागतार्ह आहे. तथापि सर्व विभागांस एक मर्यादा समान आहे. परीक्षक निबंध वाचतात. प्रयोग पुन्हा करून पाहत नाहीत. साहजिकच नावीन्य, मांडणीची सफाई आणि निष्कर्षाची लक्षवेधकता यांना झुकते माप मिळण्याचा संभव असतो. निष्कर्ष टिकाऊ आहे किंवा नाही, हे त्या क्षणी कोणासच ठाऊक नसते.

तीन उदाहरणे

याच परिषदेतील तीन शोधनिबंध या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्यांपैकी कोणास पुरस्कार मिळाला, हा येथे प्रश्न नाही. कोणत्या निकषावर त्यांचे मोल ठरावे, हा प्रश्न आहे.

पहिला २००९ मधील. बिल्गे मुतलू आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी यंत्रमानवाच्या नजरेतून संभाषणातील श्रोत्यांच्या भूमिका कशा ठरतात, हे ७२ व्यक्तींवरील प्रयोगातून तपासले. प्रयोगशाळेतील नियंत्रण आणि भाषाव्यवहाराच्या सिद्धान्ताचा आधार, या दोहोंमुळे असे संशोधन परीक्षकांस सहज भावते.

दुसरा २००८ मधील. मुतलू व जोडी फोर्लिझी यांनी एका रुग्णालयात सामान पोहोचविणाऱ्या यंत्रमानवाचे क्षेत्रीय निरीक्षण केले. यंत्र एकच, परंतु प्रसूतीपश्चात कक्षातील परिचारिकांनी ते सामावून घेतले, तर कर्करोगाच्या रुग्णांचा कक्ष सांभाळणाऱ्यांना त्याचा व्यत्यय वाटला. कामाचा ताण, रुग्णांची अवस्था आणि जागेची रचना यांनुसार एकाच यंत्राचा अर्थ बदलला. नियंत्रित प्रयोगात हे सत्य हाती लागणे कठीण होते.

तिसरा २०१६ मधील. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी कृत्रिम धुराच्या साहाय्याने आणीबाणीचा देखावा उभा केला. २६ पैकी सर्व व्यक्ती यंत्रमानवामागे गेल्या. त्यांपैकी निम्म्यांनी तर काही मिनिटांपूर्वीच त्याला वाट चुकताना पाहिले होते. निष्कर्ष चकित करणारा आहे. परंतु या व्यक्तींचा विश्वास यंत्रावर होता की प्रयोग घडविणाऱ्या विद्यापीठावर? हे दोन विश्वास वेगळे करावयाचे तर प्रयोग अन्य स्थळी, अन्य लोकांसह व्हावयास हवा. निष्कर्ष जितका लक्षवेधी तितकी पुनर्तपासणीची निकड अधिक. आणि पुरस्काराचा मोहही नेमका तेथेच अधिक.

पुनर्तपासणीचा प्रश्न

पुनर्तपासणीची जाणीव या क्षेत्रात नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० मध्ये 'नाओ' या यंत्रमानवासंबंधीचा एक मानसशास्त्रीय परिणाम तीन ठिकाणी तपासणारा निबंध याच परिषदेत सादर झाला. परंतु अशा कामापुढे एक व्यावहारिक अडचणही उभी राहते. 'नाओ' तयार करणारी अल्डेबरान ही फ्रेंच कंपनी २०२५ मध्ये परिसमापनात गेली. ज्या यंत्रावर असंख्य प्रयोग झाले, त्याचा पुरवठाच अनिश्चित झाला तर पुनर्तपासणी कशावर करावयाची? म्हणून पुरस्कारासाठी विचारात घेतलेल्या निबंधाची सामग्री, आज्ञावली आणि प्रयोगाचा संपूर्ण तपशील खुला असणे, ही सौजन्याची बाब न राहता पात्रतेची अट व्हावयास हवी.

भारतीय संदर्भ

याच विषयाची 'रोमॅन' ही दुसरी परिषद ऑक्टोबर २०१९ मध्ये नवी दिल्ली येथे भरली होती. तीही पुरस्कार देते. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आपल्या शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णाशेजारी नातेवाईक बसलेले असतात, व्हरांड्यात डबे आणि अंथरुणे असतात, वाट काढणाऱ्या मावशी व वॉर्डबॉय असतात. तेथे यंत्रमानव कोणास मदत ठरेल आणि कोणाच्या पोटावर येईल, हे परदेशी प्रयोगशाळेतील टक्केवारीवरून ठरविता येणार नाही. त्यासाठी महिनोन्महिने निरीक्षण करणारा संशोधक हवा. गौरव मात्र झटपट प्रयोगाचाच होत राहिला, तर तरुण संशोधक त्या वाटेला का जाईल?

समारोप

पुरस्काराने नवोदितांस उमेद मिळते; त्यासाठी दहा वर्षे थांबविणे योग्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु गौरव आणि मूल्यमापन यांतील भेद साहित्यसमीक्षेने आपणांस शिकविला आहे. पुरस्कारप्राप्त कलाकृती श्रेष्ठ ठरतेच असे नाही. तिचा कस पुढील वाचक लावतात. तद्वतच परिषदेने आजचा पुरस्कार आश्वासक प्रारंभाची पावती म्हणून द्यावा, निवडीची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत आणि काही वर्षांनी त्याच निबंधांचे काय झाले याचा जाहीर आढावा घ्यावा. ज्या ज्ञानाच्या आधारे उद्या रुग्णाच्या खाटेशी यंत्र उभे राहणार आहे, त्याची परीक्षा टाळ्यांपाशी संपू नये.