‘व्हेनिसमधील मृत्यू’ : साथ आणि मौन

टोमास मान यांची ‘व्हेनिसमधील मृत्यू’ ही दीर्घकथा १९१२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर जी टीका झाली, तिचा बराचसा भाग एका समीकरणाभोवती फिरत राहिला आहे. पन्नाशी उलटलेला एक कीर्तिमान लेखक म्युनिकहून विश्रांतीसाठी दक्षिणेकडे येतो. व्हेनिसजवळच्या लिदो बेटावरील हॉटेलात एका पोलिश मुलाच्या रूपाने मोहित होतो. शहरात पटकीची साथ पसरत आहे हे कळूनही तेथून हलत नाही, आणि अखेर समुद्रकाठच्या खुर्चीत प्राण सोडतो. मोह आणि रोग ही दोन्ही बरोबरीने वाढत जातात. म्हणून रोग हे मोहाचेच प्रतीक, असे हे समीकरण. ते इतके सोपे आणि डौलदार आहे की विद्यार्थ्यांच्या टिपणांपासून विद्वत्तापूर्ण प्रबंधांपर्यंत त्याचा संचार झालेला दिसतो. परंतु सोपी समीकरणे कलाकृतीला न्याय देतातच असे नाही. ह्या ठिकाणी तर कथेत जे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे, त्याकडेच समीकरणाने पाठ फिरविली आहे.

कथेतील पटकी ही आधी पटकी आहे. १८९९ पासून चालू असलेल्या सहाव्या जागतिक साथीचा तो भाग होता, आणि १९११ च्या उन्हाळ्यात ती इटलीत खरोखरच पसरली होती. मान स्वतः त्या वर्षीच्या मे महिन्यात पत्नी काटिया आणि बंधू हाइन्रिख यांच्यासह लिदोवरच्या ‘होटेल दे बँ’मध्ये उतरले होते. इटलीच्या एकीकरणाला त्या वर्षी ५० वर्षे झाली. रोम आणि तुरीन येथे मोठी प्रदर्शने भरली. अशा वेळी साथीची वार्ता बाहेर फुटणे सरकारला परवडणारे नव्हते. नेपल्समधील त्या वर्षीची साथ राज्यकर्त्यांनी जाणूनबुजून दडपली, हे इतिहासकार फ्रँक स्नोडन यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. म्हणजे मान यांनी कथेत रंगविलेली लपवाछपवी ही कल्पनेची भरारी नव्हे.

आणि ती किती बारकाईने रंगविली आहे! रस्त्यांतून जंतुनाशकाचा उग्र दर्प येऊ लागतो. शिंपल्यांतले जीव खाऊ नयेत, कालव्यांचे पाणी वापरू नये, अशी पत्रके भिंतींवर लागतात. विचारले तर दुकानदार दमट वाऱ्याकडे बोट दाखवितो. हॉटेलातील जर्मन भाषा हळूहळू कानांवर पडेनाशी होते, कारण जर्मन वृत्तपत्रांतून कुणकुण लागताच ते प्रवासी निघून गेलेले असतात. ती वृत्तपत्रेही मग हॉटेलच्या मेजावरून नाहीशी होतात. खरे काय ते शेवटी एका इंग्रज प्रवासकचेरीतील तरुण कारकून सांगतो. मेच्या मध्यास एका नावाड्याच्या आणि एका भाजीवालीच्या प्रेतात रोगजंतू सापडले. पुढे शंभरांतील ऐंशी रोगी दगावू लागले. तरीही प्रकृतिमान उत्तम असल्याचे अधिकारी सांगत राहिले. कारण सार्वजनिक उद्यानात नुकतेच चित्रप्रदर्शन उघडले होते, आणि हॉटेले व दुकाने यांच्या बुडीताची धास्ती होती. शहराचा मुख्य वैद्यकीय अधिकारी संतापून पद सोडतो, त्याच्या जागी कह्यात राहणारा माणूस येतो. ही माहिती मान यांनी दोन वाक्यांत उरकली आहे. २०२० पूर्वीच्या वाचकांची नजर ह्या दोन वाक्यांवर सहसा ठरत नसे. वूहानमधील नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांना पोलिसांनी दिलेली समज आणि त्यांचा फेब्रुवारी २०२० मधील मृत्यू माहीत असलेला वाचक मात्र तेथे थबकतो.

आता प्रश्न असा की, ह्या नागरी वृत्तान्ताचा आशेनबाखच्या अंतरंगाशी संबंध कोणता? मान यांनी त्याचे उत्तर कथेतच देऊन ठेवले आहे. साथीचा सुगावा लागताच आशेनबाखला भीती वाटत नाही. एक अस्फुट समाधान वाटते. शहराचे गुपित आणि आपले गुपित एकमेकांत मिसळल्याचे त्याला जाणवते. ह्या जागी मान यांनी रोग आणि मोह यांची सांगड घातलेली नाही. गुपिताची गुपिताशी घातली आहे. टीकेच्या ध्यानातून नेमका हाच भेद निसटला.

आशेनबाख हा गुपित सांभाळण्यात मुरलेला माणूस आहे. कथेच्या दुसऱ्या प्रकरणातील त्याचे चरित्र म्हणजे आतली पडझड जगाच्या नजरेपासून अखेरपर्यंत झाकून ठेवणाऱ्या शिस्तीचे चरित्र होय. त्याच्या देशात पुरुषापुरुषांतील संबंध १८७१ च्या दंडसंहितेच्या १७५ व्या कलमान्वये गुन्हा होता. कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी चारपाच वर्षे कैसरच्या निकटवर्ती ऑइलेनबुर्ग राजपुत्रावरील आरोपांनी सारे जर्मनी ढवळून निघाले होते. इटलीत १८८९ च्या दंडसंहितेने असा गुन्हा मानलेला नव्हता. उत्तरेकडील समलिंगी पुरुषांची दक्षिणेकडे जी रीघ लागे, ती केवळ ऊन आणि संगमरवर यांसाठी नव्हती. परदेशातील सुट्टी ही त्यांच्या आयुष्यातील तेवढीच मोकळी जागा होती, आणि ती वर्षातून काही आठवड्यांपुरती भाड्याने मिळत होती. साथ आली म्हणून ती जागा सोडून जा, असे अशा माणसास सांगणे म्हणजे पुन्हा कोंडवाड्यात जा असे सांगण्यासारखे आहे. आशेनबाखचे न निघणे केवळ व्यसनी माणसाच्या दुबळेपणात जमा करणाऱ्या टीकाकारांनी हा हिशेब मांडलेलाच नाही.

ह्या संदर्भात आउगुस्ट फॉन प्लाटेन ह्या जर्मन कवीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. व्हेनिसवर सुनीते रचणारा, पुरुषांवरील प्रेमामुळे मायदेशी उपहास सोसलेला आणि आयुष्याचा उत्तरार्ध इटलीत काढलेला हा कवी १८३५ साली पटकीच्या भयाने सिसिलीत पळाला आणि सिराक्यूज येथे मरण पावला. बोटीतून व्हेनिस दिसू लागताच आशेनबाखला जो कवी आठवतो, तो हाच. त्याचे नाव मात्र कथेत घेतलेले नाही. मान यांनी १९३० साली प्लाटेनवर स्वतंत्र व्याख्यान दिले. पूर्वसूरी साथीला भिऊन पळाला आणि मेला. आशेनबाख न पळता मेला. मान यांना हा विरोध दिसला नसेल असे मानणे कठीण आहे.

वयाचा मुद्दाही येथेच येतो. लिदोवर उतरले तेव्हा मान यांना ३६ वे वर्ष चालू होते. नायकाचे वय त्यांनी बुद्धिपुरस्सर वाढविले आणि त्याला एकटा केला : पत्नी वारलेली, मुलगी सासरी गेलेली. बोटीवर तरुणांच्या टोळक्यात रंग फासून, कवळी बसवून मिरविणारा म्हातारा पाहून आशेनबाखला प्रथम शिसारी येते. पुढे हॉटेलचा न्हावी त्याचेच केस रंगवितो, गालांवर लाली चढवितो. ह्या प्रसंगातील करुणा फार थोड्या टीकाकारांना दिसली. तारुण्य ज्याने दडपणात घालविले, त्याला ते उशिरा आणि उसने घ्यावे लागते, एवढेच येथे घडते. हसण्यासारखे ते आहे. पण केवळ हसण्यासारखे नाही.

मात्र सहानुभूतीच्या भरात दोन गोष्टी सैल सोडता येणार नाहीत. पहिली अशी की, ताद्झिओ सुमारे चौदा वर्षांचा मुलगा आहे. कथेत दोघांत एका शब्दाचीही देवघेव होत नाही. पण शहराच्या गल्ल्यांतून त्या कुटुंबामागे फिरणारा प्रौढ पुरुष हा आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो, आणि ती अस्वस्थता योग्यच आहे. मुलावरची ही आसक्ती म्हणजेच समलिंगी प्रेम, असा समज ह्या कथेच्या आधारे पसरविला गेला. त्याने प्रौढांमधील प्रेमाचे फार नुकसान केले. ग्रीक आदर्शांची झूल पांघरून आशेनबाख स्वतःची जी समजूत घालतो, ती मान यांनाही पुरती मान्य नाही. निवेदनाचा उपरोध तेथे अधिक धारदार होतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कारकुनाने सत्य सांगितल्यावर आशेनबाखपुढे एक सरळ कर्तव्य उभे राहते : मुलाच्या आईला सावध करावे, कुटुंबाला ताबडतोब निघावयास सांगावे. तो हे बोलणे मनात जुळवितोही. त्या एका कृतीने तो स्वतः सुटेल, हेही त्याला समजते. आणि तो गप्प राहतो. कथेतील नैतिक पेच असलाच तर तो येथे आहे. अभिलाषेत नाही, त्या मौनात आहे. ज्या मौनाने त्याला आयुष्यभर वाचविले, तेच मौन आता दुसऱ्याच्या जिवावर उठते. अधिकाऱ्यांनी पैशासाठी जे केले, ते तो मोहासाठी करतो, आणि शहराच्या अपराधात भागीदार होतो.

१९८१ नंतर एड्सच्या साथीत रोग आणि समलिंगी मोह यांचे समीकरण निव्वळ वाङ्मयीन राहिले नाही. रोगी हा आपल्या वासनेची फळे भोगतो, असे उघड बोलले जाऊ लागले. रोगाला रूपक बनविण्याविरुद्ध सुझन सोंटॅग यांनी १९७८ आणि १९८९ साली जी दोन पुस्तके लिहिली, त्यांची निकड अशा बोलण्यामुळे अधिकच पटते. २०२० साली तर समीकरणाचा आधारच निखळला. कोविडचा विषाणू श्वासावाटे पसरत होता; त्याला कोणाच्याही वासनेशी कर्तव्य नव्हते. २३ फेब्रुवारीस व्हेनिसचा कार्निव्हल मुदतीपूर्वी आटोपता घेण्यात आला, तेव्हा तरुणपणी एड्समध्ये मित्र गमावलेल्या पिढीतील पुरुष साठीसत्तरीत पोहोचले होते. सर्वाधिक धोका वृद्धांना, आणि प्रवासाची उरलेली वर्षेही त्यांचीच थोडी. जावे की राहावे, आपण कोणाला रोग देऊ काय, सांगितले जाणारे आकडे खरे काय, हे त्यांचे प्रश्न आशेनबाखच्याच प्रश्नांच्या कुळातले आहेत. कोल्म टोइबीन यांची मान यांच्या जीवनावरील ‘द मॅजिशियन’ ही कादंबरी २०२१ साली, साथ चालू असतानाच प्रसिद्ध झाली. हा योगायोग असला तरी वाचकांच्या दृष्टीने तो अर्थहीन नव्हता.

भारतीय वाचकाला ह्या कथेत आणखी एक खडा लागतो. पटकीचा उगम कारकून गंगेच्या मुखाजवळील दलदलीत सांगतो, आणि बांबूच्या बेटात दबा धरलेल्या वाघाचे चित्र उभे करतो. उगमाविषयीचा तपशील वैद्यकाच्या इतिहासाला धरून आहे : १८१७ ची पहिली मोठी साथ बंगालमधूनच पसरली, १८८४ साली रोबेर्ट कोख यांनी कलकत्त्यात ह्या जंतूचा अभ्यास केला, आणि पुढे १९५९ साली त्याच शहरात शंभुनाथ डे यांनी त्याच्या विषाचा छडा लावला. परंतु वाघ वैद्यकातला नव्हे. तो आशेनबाखला म्युनिकमध्येच, प्रवासाची ओढ लागताक्षणी दिसलेला असतो. पूर्वेचे हे अरण्य युरोपीय मनाने आपल्या आतल्या भीतीसाठी वापरले, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. मात्र भय पाहुण्याबरोबर दाराशी आले नाही, घरातच होते, हेही मान यांनी कथेच्या पहिल्याच पानांत सुचविले आहे. (हेच मान १९४० साली भारतीय कथेवर ‘बदललेली मस्तके’ लिहितात आणि तिच्यातून गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’ला खाद्य मिळते. त्या भारतात वाघ नाही, तर्क आहे.)

अनुवादकाची अडचण ह्याच ठिकाणी सुरू होते. मराठीत ‘पटकी’ म्हटले की मरीआई, गावाची वेस, यात्रेच्या गावी झालेली पळापळ हे सारे शब्दाबरोबर येते. मान यांच्या वाचकाला जो रोग परका, दूरदेशीचा, तो मराठी वाचकाला घरचा होतो. ‘कॉलरा’ म्हणावे तर तो परकेपणा टिकतो, पण इस्पितळाचा कोरडा वास त्याला चिकटतो. पटकी हाच शब्द अधिक योग्य. त्याने वाघाची भूल उतरते, आणि दोन प्रेते आणि दडपलेले कागद एवढे उरते.

मान यांनी स्वतःचे गुपित वेगळ्या रीतीने सांभाळले. दैनंदिनीची पुडकी मृत्यूनंतर वीस वर्षे उघडू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. ती १९७५ साली उघडली गेली. १९५० च्या उन्हाळ्यात, वयाच्या ७५ व्या वर्षी, झुरिकच्या एका हॉटेलातील तरुण वाढप्याविषयी त्यांना वाटलेली ओढ त्यांत नोंदलेली आहे. पुन्हा परमुलूख, पुन्हा हॉटेल. पण ह्या वेळी कोणाचे काही बिघडत नाही. मौन त्यांनी मोडले नाही, त्याला मुदत घातली. बेंजामिन ब्रिटन यांनी मात्र १९७३ साली ह्या कथेचे संगीतक रचताना आशेनबाखची भूमिका आपले जीवनसाथी पीटर पिअर्स यांच्यासाठीच लिहिली. हृदयावरची शस्त्रक्रिया लांबवून ब्रिटन यांनी ते पुरे केले, आणि ६२ वर्षांचे पिअर्स रंगभूमीवर उभे राहिले. त्यांत ताद्झिओ गात नाही, नाचतो. त्याच्या भोवतीचे तालवाद्यांचे संगीत ब्रिटन यांनी १९५६ साली बालीत ऐकलेल्या गॅमेलानचे ऋणी आहे. पूर्व येथेही आली, पण रोग होऊन आली नाही.

ह्या सर्व रूपांतरांत एक गोष्ट अनुत्तरितच राहिली आहे. कथेच्या अखेरच्या दिवशी पोलिश कुटुंबाचे सामान हॉटेलच्या दिवाणखान्यात बांधून ठेवलेले असते. दुपारच्या भोजनानंतर ती मंडळी निघणार आहेत. त्यांनी शहरातले पाणी प्यायले आहे, फळे खाल्ली आहेत. ती घरी सुखरूप पोहोचली की नाही, हे मान यांनी लिहिलेले नाही, आणि हे विचारणारा टीकाकारही क्वचितच भेटतो.