गोल मेज, सिंहगड आणि सिद्धगड

इंग्रजांच्या आर्थर राजाची आणि त्याच्या गोल मेजाभोवती बसणाऱ्या शिलेदारांची ओळख आपल्याकडील सुशिक्षित घरांस नवी नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी ती कॉलेजांतून शिकविल्या जाणाऱ्या टेनिसनच्या काव्यामुळे होत असे. आता ती पडद्यामुळे होते. ज्यास इंग्रजीत 'नाइट' म्हणतात त्यास आम्ही येथे शिलेदार म्हणतो. स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन धन्याच्या चाकरीस उभा राहणारा हा मनुष्य आपल्या परिचयाचा आहे. 'सर' हा किताब लावून मिरविणाऱ्या नाइटांशी या कथांचा संबंध फारच थोडा. ज्या घरांत हे इंग्रजी चित्रपट पाहिले जातात त्याच घरांत तानाजी आणि बाजीप्रभू यांच्यावरीलही पाहिले जातात, आणि दोन्ही वेळी मुले एकच प्रश्न विचारतात: हे खरेच असे घडले का? या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी एक असू शकत नाही. आपला नायक आपल्यापासून किती अंतरावर उभा आहे हे न मोजताच चित्रपट काढणारे त्याच्या कथेस हात घालतात, आणि पुढचे सारे दोष यातूनच उद्भवतात, असे आमचे मत आहे.

प्रथम दूरचे अंतर घेऊ. आर्थर नावाचा राजा खरोखर होऊन गेला याचा खात्रीलायक पुरावा नाही. मॉन्मथच्या जेफ्रीने सुमारे ११३६ साली लॅटिन भाषेत त्याचे चरित्र रचले, तेव्हाच तो राजा सहाशे वर्षांपूर्वीचा समजला जात होता. पुढे पंधराव्या शतकात मॅलरीने तुरुंगात बसून त्या साऱ्या कथा इंग्रजी गद्यात गोवल्या आणि कॅक्स्टनने १४८५ मध्ये त्या छापल्या. मॅलरीने आपल्या शिलेदारांच्या अंगावर स्वतःच्या काळातील पोलादी चिलखते चढविली. त्याबद्दल त्यास कोणी दोष देत नाही. तेव्हा १९८१ च्या 'एक्सकॅलिबर'मध्ये जॉन बूरमन याने तीच चिलखते आरशासारखी लखलखीत दाखविली, यात कालविपर्यास काढीत बसणे हे अरसिकपणाचे लक्षण होय. कथाच स्वप्नातली आहे. स्वप्नात लोखंड चमकायचेच.

याच्या उलट २००४ चा 'किंग आर्थर' पाहा. उत्खननांतून नवा पुरावा मिळाला असून खरा आर्थर आम्हीच दाखवीत आहो, असा आव त्याने आरंभीच्याच अक्षरांत आणला, आणि आर्थरास रोमन फौजेतील अंमलदार करून सोडले. परिणाम असा झाला की जादू गेली आणि इतिहासही आला नाही. १९७५ साली काही विनोदी मंडळींनी याच कथेचे विडंबन केले. त्यात घोडे नाहीतच, राजामागून चाकर नारळाच्या करवंट्या वाजवीत धावतो आणि टापांचा आवाज काढतो. आपण दंतकथा सांगत आहो याची जाणीव त्या करवंट्यांत जितकी होती तितकी २००४ च्या साऱ्या फौजफाट्यात नव्हती.

परंतु दंतकथा म्हणजे वाटेल ते, असेही नव्हे. तिचे सत्य निराळ्या जागी असते. रॉबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७४ मध्ये लान्सलॉटावर चित्रपट काढला, त्यात झुंजीच्या खेळात घोड्यांचे पाय आणि भाले एवढेच बहुतेक दिसतात, चिलखतांचा खडखडाट सतत ऐकू येतो, आणि शेवटी अरण्यात मेलेल्या शिलेदारांच्या लोखंडाचा एक ढीग उरतो. धन्याच्या राणीवर प्रेम करून धन्याचे राज्य बुडविणाऱ्या शूराची ही कथा. तीत जयघोषास जागाच नाही.

गवेनची कथा तर याहून बोलकी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कोणा अज्ञात कवीने ती रचली आणि तिचे एकच हस्तलिखित आज उरले आहे. नववर्षाच्या मेजवानीत एक हिरवा स्वार येतो व म्हणतो, माझ्यावर एक घाव घाला. वर्षानंतर तो मी परत करीन. गवेन त्याचे मुंडके उडवितो, आणि तो स्वार ते उचलून घेऊन निघून जातो! वर्ष सरल्यावर गवेन वचन पाळण्यास जातो खरा, पण वाटेत ज्या घरी उतरतो तेथील गृहिणीने दिलेला, प्राण वाचविणारा म्हणून सांगितलेला हिरवा पट्टा तो यजमानापासून लपवितो. एवढाच त्याचा अपराध; आणि त्या अपराधापुरतीच एक जखम त्याच्या मानेवर उमटते. शूर मनुष्यास जीव प्यारा वाटला, हीच त्या काव्याची सारी गोष्ट. डेव्हिड लोवरी याने २०२१ साली 'द ग्रीन नाइट' काढला तेव्हा गवेनची भूमिका देव पटेल या भारतीय वंशाच्या नटास दिली, कथेत कितीतरी फेरफार केले, शेवटही संदिग्ध ठेविला. पण ती भीती आणि तो पट्टा त्याने सोडला नाही. अखेरीस गवेन पट्टा सोडून ठेवतो तेव्हा प्रेक्षकाच्या मानेवर काटा येतो. मूळ कवीस हे फेरफार खटकले नसते, असे आम्हास वाटते.

आता आपल्या घरी येऊ. कोंढाणा घेतला गेला ४ फेब्रुवारी १६७० रोजी. सभासदाने आपली बखर लिहिली १६९७ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. त्याचे वर्णन थोडक्यात आहे: तीनशे माणसे कडा चढली, तानाजी व उदेभान परस्परांशी लढून दोघेही पडले, सूर्याजीने पळती माणसे आवरली, आणि गड मिळाल्याचा आनंद होण्याऐवजी राजांस माणूस गेल्याचे दुःख झाले. घोरपड त्यात नाही. घोरपड आणली शाहिरांनी. तुळशीदासाच्या पोवाड्यात रायबाचे लग्न येते, शेलारमामा येतो, आणि कथा श्रोत्यांच्या हृदयात घर करते. १९०३ साली हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहून कमलकुमारीचे प्रकरण तीत वाढविले. त्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूकपट काढला, ज्यात तरुण शांतारामांनी शेलारमामा रंगविला. आणि त्याच शांतारामांनी दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, 'प्रभात'साठी बोलका 'सिंहगड' केला. राजांनी तानाजीच्या स्मरणार्थ गडास सिंहगड नाव दिले हा समजही याच परंपरेने पक्का केला. वास्तविक ते नाव १६६३ च्या पत्रात आढळते असे संशोधकांनी दाखविले आहे.

म्हणजे भर घालण्याचा अधिकार आमच्याही परंपरेने नाकारलेला नाही. मग ओम राऊत यांच्या २०२० च्या 'तान्हाजी'त औरंगजेबाने धाडलेली 'नागीण' नावाची अजस्र तोफ आली तर बिघडले कोठे? बिघडले ते असे. रायबाचे लग्न शाहिराने कल्पिले असले तरी त्याने तानाजीच्या मरणाची किंमत सांगितली. बापाच्या घरी मांडव उभा आहे आणि बाप कड्याखाली उभा आहे, हे ऐकून मावळातील प्रत्येक घरास आपला मांडव आठवला. तोफेने काय सांगितले? तोफ मोठी आहे, एवढेच. ती पाहून कोणासही आपल्या घरातील काही आठवत नाही. गवेनच्या पट्ट्यास जे वजन आहे ते या नागिणीस नाही, मग तिचा आकार केवढाही असो. शिवाय या तानाजीस भीती म्हणून शिवत नाही. आणि ज्यास भीतीच नाही त्याच्या धैर्याचे मोल करणार कसे? त्यातून चित्रपटाच्या नावास इंग्रजी शेपूट जोडले आहे 'द अनसंग वॉरियर' असे, म्हणजे ज्याचे गीत कोणी गाइले नाही असा वीर. तुळशीदासाने गाइला, दारोदारच्या शाहिरांनी गाइला, शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात मुलांनी गाइला. महाराष्ट्रात तानाजीइतके गीत लाभलेला वीर दुसरा शोधावा लागेल. चित्रपटगृहात हे नाव वाचून आम्ही क्षणभर आपलेच कान तपासले.

तरीही साडेतीनशे वर्षांचे अंतर काही सवलत देतेच. ती सवलत आर्थराइतकी नाही, हे मात्र २०२२ मध्ये दिसून आले. बाजीप्रभूंवरील 'हर हर महादेव' पडद्यावर येताच बांदल व जेधे घराण्यांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणास हरकत घेतली. लान्सलॉटाचा वंशज म्हणून लंडनात असा कोणी उभा राहणार नाही. आमच्याकडे राहतो, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे भाग असते.

सर्वांत जवळचे अंतर आमच्या ठाणे जिल्ह्यातच आहे. सिंहगड आणि सिद्धगड या नावांत फरक तो एका अक्षराचा. पण मुरबाड तालुक्यातील सिद्धगडास ना तुळशीदास लाभला ना आपटे. गोरखगड-मच्छिंद्रगडाच्या शेजारी सह्याद्रीला टेकून उभा असलेला हा गड ज्या घटनेसाठी ओळखला जातो ती २ जानेवारी १९४३ ची. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या 'आझाद दस्त्या'ने १९४२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मुंबईस वीज नेणारे अकरा मनोरे पाडले होते. दस्त्याची बातमी फुटली, पोलिसांनी पहाटे सिद्धगडाच्या रानातील तळ गाठला, आणि गोळीबारात कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील हे दोघे पडले. 'तान्हाजी' ज्या महिन्यात आला त्याच जानेवारी २०२० मध्ये 'शहीद भाई कोतवाल' हाही चित्रपट आला. एका महिन्यात दोन गडांची दोन मरणे पडद्यावर यावीत, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

कारण सिद्धगडावर घोरपड चालत नाही. कर्जत-मुरबाडकडील गावांत त्या पिढीची मुले-नातवंडे राहतात. कोणाच्या घरून भाकरी गेली, कोण तुरुंगात गेले, हे त्यांस घरातल्या गोष्टीसारखे ठाऊक असते. बातमी फोडणाऱ्यास दंतकथेच्या सोयीसाठी एखादा राक्षस बनविला, तर तो राक्षस कोणाचा तरी आजोबा निघतो. गोऱ्या पोलीस अधिकाऱ्यासमोर नायकाने एकट्याने शंभरांस लोळविले, तर गावातला म्हातारा उठून जाईल, आणि ते योग्यच होईल. येथे दिग्दर्शकास जे उपलब्ध आहे ते निराळ्या जातीचे आहे: अडल्या शेतकऱ्यास सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून कोतवालांनी चालविलेली धान्यकोठी, कायदा शिकलेल्या मनुष्याने कायदा मोडावयाचे ठरविले तो निश्चय, आणि रात्री रानात उभा असलेला पोलादी मनोरा. मनोरा पाडणे हे तलवारबाजीसारखे देखणे काम नव्हे. ते सावकाश होणारे, घाम काढणारे आणि आवाजास भिणारे काम आहे. पण ब्रेसाँसारखा मनुष्य असता तर त्याने केवळ हात, लोखंड आणि अंधार दाखवून ते चित्रपटभर पुरविले असते. मनोरा कलला की दूर मुंबईत गिरण्यांचे दिवे मंदावतात; एवढ्या एका दृश्यापुढे कोणतीही नागीण फिकी पडावी.

आणखी एक गोष्ट. पोवाड्याने तानाजीबरोबर सूर्याजी व शेलारमामा यांस ठेविले. मॅलरीने गोल मेजाभोवतीच्या शिलेदारांची नावे एकामागून एक नोंदविली. मेज गोल करण्याचा हेतूच हा की पहिला-दुसरा असा मान राहू नये. दर वर्षी २ जानेवारीस सिद्धगडच्या स्मारकापाशी लोक जमतात तेव्हा कोतवाल आणि हिराजी पाटील ही दोन्ही नावे एका श्वासात घेतली जातात. चित्रपटाच्या पाटीवर एकच आहे. मानिवलीच्या शेतकऱ्याच्या पोराने वकिलाच्या मागे रानात का जावे, हे सांगणारा पट अद्याप कोणी काढावयाचा आहे.