दुसरी साक्ष कोणाची?

कनेरगाव नाक्याच्या एखाद्या वर्गात ‘आपल्या जिल्ह्यातील लायगो प्रकल्प’ या विषयावर टिपण मागितले, तर काही मुले ते मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहवून आणणार, हे आता गृहीत धरावे. अशी काही टिपणे मी वाचली. भाषा सफाईदार, परिच्छेद नेटके. एकात मात्र औंढा नागनाथजवळच्या वेधशाळेने २०१५ साली गुरुत्वीय लहरी पकडल्या, असे ठामपणे लिहिले होते!

वस्तुस्थिती अशी, की १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या लहरी नोंदल्या अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांनी. आपल्या वेधशाळेच्या २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तीच मुळी एप्रिल २०२३ मध्ये.

अशी चूक का होते? प्रचंड मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे असे साधन शिकलेले असते. ‘लायगो’, ‘हिंगोली’, ‘लहरी’ हे शब्द जुळले की वाक्य तयार होते. ते खरे आहे का, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

पण मला त्याहून मोठा दोष दुसरीकडे दिसतो. त्या टिपणाला पूर्ण गुण मिळाले होते. नेटके उत्तर म्हणजे समजलेले उत्तर, ही आपली जुनी समजूत यंत्राने फक्त उघडी पाडली.

बंदी घालून हे सुटणार नाही. त्यापेक्षा लायगोचीच रीत वर्गात आणावी. तेथे एकाच वेधशाळेतील थरथर पुरेशी मानली नाही. सुमारे तीन हजार किलोमीटरवरील दुसरीनेही तीच नोंद करावी लागली. २०१० मध्ये तर शास्त्रज्ञांना न कळवता यंत्रणेत खोटा संकेत घालून त्यांचीच परीक्षा घेतली गेली.

आपणही यंत्राचे टिपण फळ्यावर लिहावे, त्यात एक चूक मुद्दाम घालावी आणि प्रत्येक विधानाला स्वतंत्र साक्ष मागावी: पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्राचे कात्रण, जाणकार माणूस. शेजारच्या मोबाइलवरचे तेच साधन ही दुसरी साक्ष नव्हे. साधन वापरले असल्यास टिपणाखाली तसे लिहायला सांगावे. युनेस्कोने २०२३ मध्ये यासाठी किमान १३ वर्षे वय सुचवले आहे. म्हणून लहान वर्गांत मोबाइल शिक्षकांच्याच हाती असावा.

आणि गुण देण्यापूर्वी मुलाला एवढेच विचारावे: हे तुला कशावरून कळले?