नेत्यांच्या सहधर्मचारिणींची साक्ष

मोठ्या पुरुषाची भाषणे ग्रंथरूपाने निघाली, तर ती वाचनालयाच्या कपाटाला शोभा आणतात. त्याच्या पत्नीने लिहिलेल्या आठवणी मात्र कपाटात टिकत नाहीत. त्या या घरातून त्या घरात जातात, त्यांची पाने दुमडली जातात आणि परत येतात तेव्हा मुखपृष्ठ सुटलेले असते. अमेरिकेत मिशेल ओबामा यांचे 'बिकमिंग' नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अवघ्या काही महिन्यांत त्याच्या एक कोटीवर प्रती खपल्या. त्या देशात राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने निवासस्थान सोडले की आठवणी लिहाव्यात, असा शिरस्ताच पडून गेला आहे. बेटी फोर्ड यांनी १९७८ साली लिहिल्या, नॅन्सी रेगन यांनी १९८९ साली. आपल्या मराठीत असा शिरस्ता नाही. जी मोजकी पुस्तके आहेत, ती लिहिणारीला लिहिल्यावाचून राहवले नाही म्हणून लिहिली गेली. म्हणूनच त्यांचा विचार अधिक गांभीर्याने व्हावा असे आम्हाला वाटते.

वाचक या पुस्तकांकडे का ओढला जातो? व्यासपीठावरचा मनुष्य घरी कसा वागत होता, हे जाणून घेण्याची उत्सुकता प्रत्येकाला असते. आम्ही धर्मगुरू या उत्सुकतेला झटकन दोष देऊन मोकळे होतो. तसे करायला आधारही थोर आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या पुस्तकात कुतूहलाची गणना डोळ्यांच्या वासनेत केली आहे. पण त्याच ग्रंथात, जिच्यासोबत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि जी त्यांच्या पुत्राची माता होती, त्या स्त्रीचे नाव त्यांनी कोठेही लिहिले नाही. सोळाशे वर्षे जग तो ग्रंथ वाचत आले आहे. ती कोण होती, हे जाणून घ्यावेसे वाटणाऱ्या वाचकाला आम्ही केवळ चौकस म्हणू शकणार नाही.

मराठीतील स्त्रीलिखित आत्मपर ग्रंथांत रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे अगदी आरंभीचे पुस्तक. ते १९१० साली, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी निघाले. त्याला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची आहे. १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि रानडे एकतीस वर्षांचे विधुर. सुधारकांच्या या अग्रणीने विधवेशी विवाह करावा अशी स्नेह्यांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे ती मोडली. म्हणजे ज्या विवाहामुळे पतीवर तत्त्वच्युतीचा ठपका आला, त्याच विवाहाची वधू पुढे त्याच्या आठवणी लिहायला बसली. ही अवघड जागा रमाबाईंनी कशी निभावली ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी पतीचे समर्थन केले नाही आणि तक्रारही मांडली नाही. आपल्याला अक्षरओळख कशी करून दिली, घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यासाठी किती टोचून बोलले, चारचौघांत इंग्रजी वाचण्याचे धाडस केल्यावर घरी काय ऐकावे लागले, हे त्या सांगत जातात. आंबा आवडला असतानाही थोड्याच फोडींवर थांबून जिभेला आवर घालणारे रानडे, आणि त्यामुळे मनातून रुसलेली पत्नी, हा प्रसंग तर कित्येकांना शालेय पुस्तकामुळे ठाऊक असेल. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरणही त्यांनी टाळलेले नाही. (ती मिशन कॅथोलिक नव्हे, अँग्लिकन संन्याशांची, आपल्याकडे पुष्कळदा गल्लत होते म्हणून सांगितले.)

या पुस्तकातील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. रमाबाई पतीचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. नाव घ्यायचे नाही ही त्या काळाची रीत, त्यातून हा शब्द आला. कॅथरीन गेट्स यांच्या इंग्रजी अनुवादाला १९३८ साली 'हिमसेल्फ' हे नाव मिळाले ते यामुळेच. आत्मकथनात 'स्वतः' हा शब्द लेखकाने स्वतःसाठी राखून ठेवायचा असतो. येथे तो पतीला देऊन टाकला आहे! पुस्तकाचे सामर्थ्य आणि मर्यादा, दोन्ही आम्हाला या एका शब्दात दिसतात. २०१२ साली 'उंच माझा झोका' ही मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि रमाबाई पुन्हा घरोघरी पोहोचल्या. मालिकेने त्या बालवधूला भरभरून बोलके केले. पुस्तकातील रमाबाई बऱ्याच गोष्टींपाशी येऊन थांबतात. त्या थांबण्याला अर्थ आहे, तो पडद्यावर उतरणे कठीणच होते.

सविता आंबेडकर यांच्या 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या पुस्तकाची गोष्ट अगदी निराळी. शारदा कबीर या सारस्वत घराण्यातील, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या. बाबासाहेबांची आणि त्यांची ओळख झाली तेव्हा बाबासाहेब मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या विकाराने जर्जर झाले होते, आणि राज्यघटनेचे काम समोर उभे होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. पुढची साडेआठ वर्षे त्या पत्नीही होत्या आणि डॉक्टरही. डॉक्टर म्हणून त्यांनी खाण्यापिण्यावर, भेटीगाठींवर बंधने घातली आणि पत्नी म्हणून त्याचा राग ओढवून घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी पतीसोबत धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आणि मग त्यांच्या मृत्यूविषयी संशयाचे बोट थेट या स्त्रीकडे वळले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी कुजबुज थांबली नाही. ज्या समाजासाठी पतीने देह झिजवला, त्याच समाजातील अनेकांच्या नजरेत त्या अपराधी ठरल्या.

या ठिकाणी एका प्रस्तावनेची हकिकत सांगणे आवश्यक आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली प्रस्तावना लिहून ठेवली होती. आपले आयुष्य लांबले याचे श्रेय तीत त्यांनी आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले आहे. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. आरोपी ठरवलेल्या स्त्रीच्या बाजूने प्रत्यक्ष पतीने दिलेली साक्ष अशी बाजूला राहिली. सविताबाईंचे पुस्तक निघाले १९९० साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर दिलेले भारतरत्न त्यांनीच स्वीकारले होते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की पुस्तकाचे दोष क्षम्य वाटू लागतात, पण ते दोष आहेतच. लेखिका सतत बचावाच्या पवित्र्यात आहे. घरी येणारा प्रत्येक जण एक तर अनुकूल साक्षीदार, नाही तर प्रतिकूल. पत्रे आणि कागदपत्रे एकामागून एक पुढे ठेवली जातात, आणि वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवले जाते. ज्या तरुण डॉक्टर स्त्रीने जातीची भिंत ओलांडून, आपल्याहून अठरा वर्षांनी मोठ्या आणि आजारी पुरुषाचा हात धरला, ती शारदा कबीर या पानांत आम्हाला फार थोडी भेटली. तिचे भय, तिचा हट्ट, कदाचित तिचा पश्चात्तापही, यांपैकी काहीच मोकळेपणाने येत नाही. आरोपाने माणसाचे काय होते, हे मात्र या कोरडेपणातूनच कळते. ज्याला पदोपदी निर्दोषत्व सिद्ध करावे लागते, त्याला आठवणी सांगण्याची चैन परवडत नाही. २०२२ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला आणि नव्या वाचकांचे लक्ष तिकडे गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. लेखिका त्यापूर्वीच, २००३ साली निवर्तल्या होत्या.

आता तिसरे पुस्तक. त्याविषयी या पृष्ठांवर लिहावे की नाही, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली प्रसिद्ध झाले. लेखिका शाहीर अमर शेख यांची कन्या आणि स्वतः कवयित्री. पती नामदेव ढसाळ हे मोठे कवी आणि १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे एक संस्थापक. रस्त्यावर शोषितांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरात पत्नीने काय सोसले, हे या पुस्तकात आहे. मारहाण आहे, व्यसन आहे, आजार आहे, मुलावरून झालेली ओढाताण आहे. लेखिका तेव्हा विशीत होती. भाषा धारदार, जागोजागी उग्र. आपल्या कुटुंबांतील कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावे असे आम्ही सुचवणार नाही. विवाहाच्या तयारीला बसणाऱ्या तरुणांच्या पालकांनी ते वाचावे, असे मात्र जरूर सुचवू.

अशा पुस्तकावर एक आक्षेप ठरलेला असतो: घरातले घरात राहावे, चव्हाट्यावर आणल्याने चळवळीची बदनामी होते. या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे. वरच्या जातीतील वाचक हे पुस्तक वाचून, 'बघा, यांचे पुढारी असे', असे समाधान मानू शकतो. तसे वाचणे हा अन्याय आहे; घरात हात उगारणे ही कोणत्याही एका जातीची किंवा धर्माची मिरास नाही, आपल्या धर्मग्रामांतील बंद दारेही ते जाणतात. परंतु संस्थेची अब्रू राखण्यासाठी पीडिताने गप्प बसावे, हा युक्तिवाद आमच्या परिचयाचा आहे. गेल्या काही दशकांत आपल्या ख्रिस्तसभेतच तो अनेक देशांत वापरला गेला आणि त्याची किंमत दुबळ्यांनी मोजली. तोच युक्तिवाद एखाद्या कवयित्रीपुढे ठेवण्यास आम्ही धजत नाही.

समीक्षक या पुस्तकाला 'कबुलीजबाब' म्हणतात, हे आम्हाला मान्य नाही. समेट-संस्काराच्या वेळी मनुष्य आपले पाप सांगतो. पुष्कळदा पती पत्नीचे आणि पत्नी पतीचे पाप सांगू लागते, तेव्हा धर्मगुरूला हळूच थांबवावे लागते. त्या अर्थाने खरा कबुलीजबाब बेटी फोर्ड यांचा. मद्याच्या आणि औषधांच्या आहारी आपण कसे गेलो हे त्यांनी पुस्तकाच्या अखेरीस उघड सांगितले, आणि १९८२ साली त्यांच्या नावाचे उपचारकेंद्र उभे राहिले. मल्लिकाबाई मुख्यतः सांगतात ते आपल्यावर काय गुदरले ते. ही साक्ष आहे, आणि साक्षीचे मोजमाप आठव्या आज्ञेने करावयाचे. त्या आज्ञेने खोटी साक्ष निषिद्ध केली आहे. खऱ्या साक्षीचे तोंड बांधलेले नाही. १९९२ सालच्या आपल्या धर्मशिक्षणग्रंथातही, सबळ कारण नसताना दुसऱ्याचे दोष ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यापुढे उघड करणे हे पाप मानले आहे. 'सबळ कारण नसताना' या शब्दांवर पुष्कळ प्रवचने सरकून जातात. मार खाणाऱ्या स्त्रीपाशी सबळ कारण आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मारणाऱ्याच्या मित्रमंडळींकडे जात नाही.

तरीही लेखनगुणांचा प्रश्न उरतोच. दुःख खरे आहे म्हणून पुस्तक आपोआप चांगले होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा आम्हा मराठी ख्रिस्ती वाचकांचा हक्काचा मानदंड आहे, जरी रेव्हरंड टिळक हे राजकीय पुढारी नव्हते आणि दोघेही आपल्या पंथाचे नव्हते. पतीचा विक्षिप्तपणा, धर्मांतरानंतरची वर्षानुवर्षांची ताटातूट, हे सारे लक्ष्मीबाई सांगतात, पण राग सांगताना त्यांना हसू येते, आणि पुष्कळदा त्या स्वतःलाच हसतात. तो समतोल मल्लिकाबाईंकडे नाही. लक्ष्मीबाईंनी उतारवयात मागे वळून पाहिले, मल्लिकाबाईंनी आगीत उभे राहून लिहिले. हा फरक विसरून तुलना करणे बरे नव्हे. स्वतःच्या मनाचे कोपरे दाखवण्यात मल्लिकाबाई रमाबाई आणि सविताबाई या दोघींहून निर्भय आहेत, आणि कवयित्रीची नजर त्यांना कोठेही सोडून जात नाही. २०१६ साली जेरी पिंटो यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. मुंबईत वाढलेल्या एका गोमंतकीय कॅथोलिक लेखकाने या मराठी पुस्तकाला दुसऱ्यांदा वाचक मिळवून द्यावेत, याचा आम्हाला आनंद वाटतो, आणि थोडी चुटपुटही.

कॉम्रेड डांगे यांच्या पत्नी उषाताई डांगे या स्वतः गिरणीतील स्त्री-कामगारांच्या पुढारी. १९७० साली निघालेल्या त्यांच्या आठवणींचे शीर्षकच 'पण ऐकतं कोण?' असे आहे. पुस्तक लिहिण्याइतपत अक्षर, वेळ आणि धीर ज्यांना लाभला, त्यांनी निदान हा प्रश्न तरी विचारला. बाबासाहेबांच्या प्रथम पत्नी रमाबाई २७ मे १९३५ रोजी वारल्या. लंडन आणि न्यूयॉर्कच्या अभ्यासाची वर्षे, दारिद्र्य आणि एकामागून एक गेलेली लेकरे, हे त्यांनी सोसले. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत 'रामू' हे नाव आहे. ते लिहिले बाबासाहेबांनी.