लोकरीत उतरलेले स्वप्न

अतिवास्तववादाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे रंगचित्रेच उभी राहतात. त्यामुळे लिओनोरा कॅरिंग्टन (१९१७–२०११) हिच्या विणलेल्या भित्तिपटांची दखल तिच्या चित्रांच्या मानाने कमीच घेतली गेली. आमच्या मते तिच्या कलेची खरी कसोटी या पटांतच लागते.

लँकेशायरमधील धनाढ्य कापडगिरणीमालकाची ही कन्या. आई आयरिश, शिक्षण कॅथलिक कॉन्व्हेंटांत. तेथून तिला एकाहून अधिक वेळा काढून टाकण्यात आले. १९४० मध्ये स्पेनमधील मनोरुग्णालयाच्या यातना तिने सोसल्या व महायुद्धाच्या काळातच ती मेक्सिकोला पोहोचली. पुढे तेथील चिकॉनक्वाक या लोकरकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावच्या रोसालेस या विणकर कुटुंबाच्या साहाय्याने तिने भित्तिपट सिद्ध केले. गिरणीवर वैभव उभारलेल्या घरातील मुलगी अशा रीतीने हातमागापाशी आली.

आंद्रे ब्रेताँने १९२४ च्या जाहीरनाम्यात बुद्धीच्या नियंत्रणातून मुक्त झालेल्या अभिव्यक्तीचा पुरस्कार केला. माग मात्र असे स्वातंत्र्य देत नाही. तेथे धागे मोजावे लागतात, रंग आधी ठरवावे लागतात. स्वप्नाला असा हिशेब मानवेल काय? आम्हांस वाटते, येथे तो मानवला आहे. कॅरिंग्टनच्या चित्रांतील अर्धे पशू, अर्धे मानव असे जीव पातळ रंगात तरंगतात. लोकरीत त्यांना वजन येते. चित्रात आधी पार्श्वभूमी व मग आकृती, असे घडू शकते. विणकामात दोन्ही एकाच वेळी, ओळीओळीने जन्म घेतात. पैठणीच्या पदरावरील मोर असाच वस्त्रातूनच उमलतो, त्यावर काढलेला नसतो. कॅरिंग्टनचे अद्भुत प्राणीही येथे जगावर चिकटवलेले वाटत नाहीत. ते त्या जगाचेच अंग होतात.

या लाभाची किंमतही आहे. तिच्या रेषेतील नाजूक उपरोध जाड लोकरीत बोथट होतो, हे नाकारता येणार नाही.

परंतु मोठा प्रश्न श्रेयाचा आहे. कल्पना चित्रकर्तीची, पण वळणावर धागा कोठे तोडावा, कोठे गुंतवावा, हे ज्ञान विणकराच्या बोटांचे. तिचे नाव जगभर गेले, विणकरांचे क्वचितच उच्चारले जाते. आम्ही या पटांना दोन्ही हातांची निर्मिती मानतो. कारागिरीला कलेची दासी समजणाऱ्या रसिकाला त्यांचे अर्धेच सौंदर्य दिसेल.