मोफत आणि मुक्त : संगणकग्रंथांच्या परवान्यांचा विचार

‘फ्री’ ह्या इंग्रजी शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. मराठीत त्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. फारसी ‘मुफ्त’वरून आलेला ‘मोफत’ हा शब्द मूल्याचा अभाव सांगतो, तर ‘मुच्’ धातूपासून सिद्ध झालेला ‘मुक्त’ बंधनाचा. असे असूनही महाजालावरील प्रोग्रॅमिंगच्या ग्रंथांविषयी लिहिताना आपण हे शब्द समानार्थी म्हणून योजतो. हे केवळ शब्दप्रयोगातील शैथिल्य नव्हे. अशा ग्रंथाचे मराठी भाषांतर होऊ शकेल की नाही, हे ह्याच भेदावर अवलंबून असते.

१९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १४ ने भाषांतराचा हक्क प्रताधिकारधारकाकडेच ठेवला आहे. ग्रंथ विनामूल्य वाचावयास मिळतो, एवढ्यावरून तो हक्क वाचकाकडे येत नाही; परवान्याविषयी लेखकाचे मौन म्हणजे निषेधच होय. कलम ३२ अन्वये सर्वसाधारणपणे सात वर्षांनंतर भाषांतराची अनुज्ञा मागता येते खरी. पण तोवर असा ग्रंथ बहुधा जुना झालेला असतो.

परवान्याने काय साधते, हे ॲलन डाउनी ह्यांच्या उदाहरणावरून दिसते. जावा भाषेवरील आपले पाठ्यपुस्तक त्यांनी ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली खुले केले. व्हर्जिनियातील शाळाशिक्षक जेफ एल्कनर ह्यांनी ते पायथन भाषेसाठी रूपांतरित करून डाउनींकडे धाडले, आणि स्वतःचेच पुस्तक वाचून डाउनी पायथन शिकले. ह्याच परंपरेतील ‘थिंक पायथन’ची दुसरी आवृत्ती (२०१५) मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यापारी परवान्याखाली आहे. तिचे मराठी भाषांतर करता येईल. परंतु पुण्यातील एखाद्या प्रकाशकाला ते वेगळ्या अनुमतीवाचून छापून विकता येणार नाही. उलट, स्वरूप सी. एच. ह्यांच्या ‘ए बाइट ऑफ पायथन’ला समान-परवान्याची अट आहे : भाषांतर विकण्यास हरकत नाही, मात्र तेही तितकेच मुक्त राहिले पाहिजे.

मराठीच्या दृष्टीने अधिक उद्बोधक उदाहरण पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमाचे आहे. हे ग्रंथ नसून ध्वनिचित्रपाठ होत. चित्र तेच ठेवून इंग्रजी निवेदनाच्या जागी मराठी निवेदन घातले जाते. पडद्यावरील अक्षरे इंग्रजीच राहत असल्याने मराठी वाक्याला ती उच्चारूनच पुढे जावे लागते आणि भाषा अवघडते, ही ह्या पद्धतीची मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि ह्या पाठांनाही समान-परवान्याचीच अट आहे. मुळशी तालुक्यातील भरे येथील शिक्षकाला एखादी संज्ञा खटकली, तर मूळ कर्त्यांस श्रेय देऊन तो ती बदलू शकतो व सुधारलेला पाठ वाटू शकतो. परिभाषेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केले. त्यांतील कोणते शब्द रुजावयाचे, हे अखेर वापरानेच ठरविले. मजकूर दुरुस्त करण्याचा हक्क वापरणाऱ्याला असला म्हणजे ही कसोटी प्रत्यक्ष पाठ्यग्रंथातच लागते.

लेखकाच्या श्रमांवर दुसऱ्याने नफा मिळवू नये, हा अव्यापारी अटीमागील हेतू न्याय्य आहे. परंतु मराठीत अशा ग्रंथांचा वाचकवर्ग लहान. छपाईचा खर्च विक्रीतून भरून निघत नसेल तर प्रकाशक पुढे येणार नाही. समान-परवान्याची अट विक्री रोखीत नाही, पण मजकुराची मक्तेदारीही होऊ देत नाही. म्हणून सार्वजनिक द्रव्यातून सिद्ध होणाऱ्या मराठी पाठ्यग्रंथांना तीच अट इष्ट होय; आणि अशा ग्रंथाचे परीक्षण करताना त्याच्या भाषेइतकाच त्याचा परवानाही तपासला पाहिजे.